टेस्टिंग अपुरं असूनही मोठे आयटी प्रकल्प ठरल्या तारखेलाच लाईव्ह का केले जातात?

तुम्ही लिहिलंय की कंपनीच्या नव्या सिस्टिमची गो-लाईव्ह तारीख, म्हणजे ती प्रत्यक्ष वापरात आणण्याची तारीख, वरून जाहीर झाली आहे, टेस्टिंग मागे पडलंय आणि तरी स्टेटस रिपोर्टमध्ये सगळं हिरवंच दिसतंय. यात दोष टीमचा आहे की वरिष्ठांचा, हा तुमचा प्रश्न. तारीख आधी ठरवून काम तिच्यात कोंबलं जात असेल, तर तो वरिष्ठांचाच.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं उदाहरण घ्या, कारण त्याची चौकशी खोलवर झाली आहे. लॉइड्स या मोठ्या बँकेतून वेगळी झाल्यावरही ही बँक पैसे मोजून लॉइड्सचीच सिस्टिम वापरत होती. २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने ती घेतली आणि नवा प्लॅटफॉर्म बांधायचं काम साबिस या आपल्याच आयटी कंपनीला दिलं. नोव्हेंबर २०१७ ची तारीख गाठता येणार नाही हे कळल्यावर, टीएसबीने फेरनियोजन पुरं व्हायच्या आत २०१८ ची पहिली तिमाही जाहीर करून टाकली. काही कामं सात महिने मागे होती आणि तारीख पुढे गेली सुमारे चार महिने. उरलेले तीन महिने कुठून येणार, हे संचालक मंडळाने विचारलं नाही.

असे महिने बहुतेक वेळा टेस्टिंगमधूनच काढले जातात. इथे एकामागून एक करायच्या चाचण्या समांतर चालवल्या गेल्या. दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती, पण भार सोसण्याची चाचणी एकाच सेंटरवर झाली. बँकेचे ५२ लाख ग्राहक एकाच शनिवार-रविवारी हलवले. २२ एप्रिल २०१८ ला डेटा बरोबर पोचला, प्लॅटफॉर्म मात्र कोसळला आणि सुमारे १९ लाख लोकांना आपलं खातं उघडता येईना. कामकाज सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला.

मला सर्वांत गंभीर वाटतं ते साबिसचं तयारीबद्दलचं पत्र. त्यात तयारी झाल्याचा पुरावा नव्हता, ती होईल अशी अपेक्षा होती, आणि तेवढ्यावर हिरवा कंदील मिळाला. साबिस स्वतः डझनावारी उपकंत्राटदारांवर अवलंबून होती. व्हेंडर, म्हणजे काम करून देणारी कंपनी, आपल्याच घरातला असला की त्याला कागद मागायला संकोच वाटतो, आणि नेमका तिथेच धोका असतो. सीईओंना सप्टेंबर २०१८ मध्ये पद सोडावं लागलं. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. पुढच्या वर्षी तेव्हाच्या सीआयओंना (आयटी विभागाच्या प्रमुखांना) व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला, तो व्हेंडरची तयारी नीट तपासली नाही म्हणून.

आता तुमच्याकडे काय करता येईल. स्टिअरिंग कमिटीत, म्हणजे प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या वरिष्ठांच्या बैठकीत, रंग दाखवू नका, आकडे ठेवा: किती टेस्ट केसेस ठरल्या, किती चालवल्या, किती पास झाल्या, आणि उघड्या डिफेक्टपैकी (अजून न सुटलेल्या दोषांपैकी) कितींची तीव्रता गेल्या दोन आठवड्यांत कमी केली गेली, कोणाच्या सहीने. शेवटचा आकडा नक्की मागा. तारीख जवळ आली की 'गंभीर' डिफेक्ट आपोआप 'मध्यम' होऊ लागतात. लोड टेस्ट पगाराच्या किंवा महिनाअखेरच्या गर्दीइतकी हवी, आणि प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, जी यंत्रं चालणार त्या सगळ्यांवर हवी. कटओव्हरची, म्हणजे जुन्या सिस्टिमवरून नव्यावर जाण्याची, किमान एक पूर्ण रंगीत तालीम घड्याळ लावून करा. रोलबॅकही, म्हणजे जुन्या सिस्टिमवर परत येणंही, तालमीत करून बघा. कटओव्हरच्या वेळापत्रकात कोणत्या तासानंतर मागे फिरता येणार नाही, ते लिहून ठेवा. जमत असेल तर आधी कर्मचाऱ्यांची खाती किंवा एकच शाखा हलवा.

व्हेंडरकडून लेखी घ्या: काय तपासलं, कधी, कोणत्या वातावरणात, आणि उपकंत्राटदारांचं काय. वाक्य भविष्यकाळात असेल तर पत्र परत पाठवा.

तारीख तरीही हलत नसेल, तर कोणती चाचणी वगळून आपण पुढे जातोय आणि तो निर्णय कोणाचा, हे बैठकीच्या इतिवृत्तात नावासकट नोंदवायला सांगा. निर्णय घेणाऱ्यालाच त्याखाली सही करावी लागली, की पुष्कळदा तारखेवर पुन्हा बोलणं सुरू होतं.