ठासणीच्या रायफलनं खारीची शिकार: तिसरी गोळी अडकते आणि साफ करूनही नळी गंजते, काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. ओहायोत राहता, .३२ ची (म्हणजे .३२ इंच व्यासाच्या नळीची), ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर उडणारी जुनी ठासणीची रायफल घेतलीत आणि येत्या हंगामात तिच्यावर खारीची शिकार करायची आहे. सरावात पहिल्या दोन गोळ्या सहज बसतात, तिसरी नळीत निम्म्यावर अडकते. शिवाय दर वेळी साफ करून, तेल लावून ठेवली तरी आठवड्यानं चिंधीवर तांबूस डाग उमटतो.

मी याच राज्याच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात राहतो आणि बारा वर्षं खारीमागे फक्त ठासणीची रायफल घेऊन फिरतोय. तुमच्या दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे: काळ्या दारूची राख.

त्याआधी एक काम आजच करा. जुनी बंदूक घरात आली की ती भरलेली आहे असंच धरून चालायचं. टोपी काढलेली असू द्या, ठासायचा गज नळीत शेवटपर्यंत सोडा, तोंडाशी बोटानं खूण धरा. मग गज बाहेर काढून नळीशेजारी लावून बघा. टोक निपलच्या (टोपी बसते त्या पोकळ खुंटीच्या) जागेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं आधीच थांबलं, तर आत कुणाचा तरी जुना बार बसलेला आहे. तसं असेल तर ती जाणकार गनस्मिथकडेच न्या. रिकामी असेल तर त्या जागी गजावर चाकूनं बारीक खाच पाडा. एक खाच रिकाम्या नळीची, दुसरी नेहमीचा बार भरल्यावरची. या दोन खाचांनी माझ्या किती चुका पकडल्या त्याची गणती नाही.

आता राखेकडे वळू. काळी दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळते तेव्हा वजनानं निम्म्याहून जास्त पदार्थ वायू होतच नाही, घनच राहतो. काही धुरातून बाहेर जातो, उरलेला नळीच्या अंगाला चिकटतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. मोठ्या .५० च्या नळीत चार-पाच बार तरी जागा पुरते. तुमची नळी करंगळीपेक्षा बारीक. दोन बारांतच तिच्या पेचदार खाचा भरतात, म्हणून तिसरी गोळी अडकते. आणि हीच राख नळीच्या बुडाशी राहून गेली की आठवडाभर ओल ओढत बसते. तुमचा तांबूस डाग तिथून येतो.

गोळीचं सोपं आहे. .३२ च्या नळीला .३१० ची शिशाची गोल गोळी लागते आणि तिच्याभोवती सुती कापडाचा पॅच. तुम्ही बहुतेक गादीच्या अभ्र्याचं जाड पट्टेरी कापड वापरत असाल, दुकानात नवशिक्याला तेच देतात. निशाणीवर ते उत्तम चालतं, रानात त्रास देतं. साधारण .०१० इंच जाडीचं, घट्ट विणीचं, शंभर टक्के सुती कापड घेऊन बघा. कृत्रिम धागा नको, तो नळीत वितळतो. वंगण म्हणून मी मधमाशांचं मेण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वितळवून ठेवतो. गाडीच्या इंजिनाचं किंवा कुठलंही खनिज तेल या राखेला लागलं की डांबरासारखा थर बसतो. म्हणून बार भरण्याआधी नळीतलं साठवणीचं तेल अल्कोहोलच्या चिंधीनं पुसूनच काढायचं.

शिवाय दर बारानंतर एक चिंधी जिभेवर ओलसर करून नळीतून एकदा खाली-वर फिरवायची, मागून एक कोरडी. ओलसर म्हणतोय, ओली नाही. पाणी टपकणाऱ्या चिंधीनं राखेचा चिखल होतो, तो बुडाशी ढकलला जातो आणि टोपीची ठिणगी जायची वाट बुजते. एवढं केलंत तर दहावी गोळीही पहिलीसारखी बसेल.

तरीही गोळी मध्येच अडकली तर काय वाटेल ते झालं तरी चाप ओढू नका. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली की दाब नळीच्या भिंतीवर येतो, नळी फुगते, फुटूही शकते. टोपी काढा, पितळी किंवा पोलादी गजानं गोळी दारूवर टेकेपर्यंत खाली न्या. रायफलबरोबर आलेला हिकरीच्या लाकडाचा गज .३२ मध्ये पेन्सिलीएवढाच जाड असतो. तो लांबून धरून जोर लावला की तिरका फाटतो आणि भाल्यासारखा तळहातात घुसतो. मला हे सगळं शिकवलं त्या शेजारच्या वयस्कर गृहस्थांच्या उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी पांढरट व्रण होता. पहिल्या दिवशी त्यांनी बंदूक हातात देण्याआधी तो दाखवला. गज नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचा आणि थोडा थोडा खाली न्यायचा, हे मी तेव्हापासून विसरलो नाही.

दारूचंही सांगून टाकतो. ३एफ जातीची (बारीक दाण्याची) काळी दारू, २० ग्रेनपासून सुरू करा. माझी रायफल २५ ग्रेनवर, म्हणजे दीड ग्रॅमहून थोड्या जास्त दारूवर, सर्वांत नेमकी चालते. दारू ठेवायच्या शिंगातून ती थेट नळीत कधीच ओतायची नाही, आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर अख्खं शिंग हातात उडेल. आधी मापात घ्यायची, मग मापातून नळीत. आणि आजकालच्या काडतुसांतली बिनधुराची दारू चिमूटभरही नको. तिच्या दाबासाठी या नळ्या बनलेल्याच नाहीत.

आता सफाई. माझ्या मते शिकारीचा खरा अर्धा भाग हाच. माझ्या दुसऱ्या हंगामात मी रविवारी रात्री दमून आलो आणि रायफल उद्या साफ करू म्हणून कोपऱ्यात ठेवली. मंगळवारी चिंधी फिरवली तर विटकरी रंगाची बाहेर आली. नळीत शेवटच्या वीतभर भागात खड्डे पडले होते. ते आजही आहेत, आणि आजही पॅच तिथे किंचित खरखरतो. तेव्हापासून आमच्याकडे आधी बंदूक धुतली जाते, मग मी जेवतो.

तुमच्या रायफलची नळी पाचर काढली की दस्त्यापासून सुटी होत असेल. निपल पान्यानं काढा आणि नळीचं बूड बादलीतल्या कोमट पाण्यात बुडवा, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून. उकळतं पाणी बरेच जण सांगतात, मीही आधी तेच करायचो. पण तापलेल्या लोखंडावर पाणी वाळता वाळताच गंजाचा पातळ थर धरतं आणि आपण तो राखेचा डाग समजत बसतो. गजाला पितळी जॅग (चिंधी धरणारं टोक), त्यावर चिंधी, आणि सायकलच्या पंपासारखं वर-खाली. निपलच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं आणि काळं होऊन बाहेर पडतं. कुजलेल्या अंड्याचा वास येईल, तो गंधकाचा. बादली दोनदा बदला.

इथवर सगळेच करतात. तुमची चूक पुढच्या पायरीवर असावी. अशा बऱ्याच रायफलींत नळी बुडाशी एकदम अरुंद होते, दारूसाठी तिथे लहानसा कोनाडा असतो. नळीच्या मापाचा जॅग त्या कोनाड्याच्या तोंडाशीच थांबतो. तुम्हाला वाटतं बूड आलं, पण आतली राख जिथल्या तिथे. .२२ चा साधा ब्रश घ्या, त्यावर चिंधीचा लहान तुकडा गुंडाळा, कोनाड्यात घालून उजवीकडे फिरवा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा चकाचक वाटलेल्या नळीतून शाईसारखी काळी चिंधी बाहेर आली होती. ती पांढरी येईपर्यंत थांबायचं नाही. मग कोरड्या चिंध्या, मग अल्कोहोलची चिंधी म्हणजे उरलेली ओल निघते, आणि शेवटी तेल. निपलच्या आट्यांना ग्रीस लावूनच ती परत बसवा, नाहीतर पुढच्या वेळी पाना घसरेल. रायफल काही दिवस तोंड खाली करून ठेवा, तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी फिरवायची. आठवड्यानं पुन्हा.

(सावंतवाडीकडे आमच्या काकांकडे पीक राखायच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. तेही बार काढला की त्याच रात्री पडवीत पाण्यानं धुऊन खोबरेल लावायचे. टोपीची ठिणगी जाते त्या भोकाला ते 'कान' म्हणायचे, जसा तोफेचा कान. आमच्या भाषेत या बंदुकीचे सगळे अवयव आहेत हे मला ओहायोत येऊन कळलं.)

शिकारीबद्दल विचारलंत. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, झाडांना पानं असताना, हिकरीचं झाड शोधा. शॅगबार्क हिकरीची साल लांब पट्ट्यांनी लोंबत असते, लांबूनही ओळखू येते. उजाडायच्या आत तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर एखाद्या जाड खोडाला पाठ लावून बसा. निघण्याआधी एक काम: रिकाम्या बंदुकीला टोपी लावायची, नळीचं तोंड जमिनीवरच्या वाळक्या पानाजवळ न्यायचं आणि चाप ओढायचा. पान हललं तर ठिणगीची वाट मोकळी आहे, आता बार भरा. पान हललं नाही तर वाटेत तेल किंवा राख आहे, आणि समोर खार येईल तेव्हा टोपी नुसतीच वाजेल. रानात असं झालंच तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान मिनिटभर थांबा, बार उशिरानंही उडतो.

उजाडलं की खारी दिसण्याआधी ऐकू येतात. वर दातांनी फळं कातरतात आणि टरफलं खालच्या पानांवर पडत राहतात, पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळाव्यात तसा आवाज. घाई करू नका. राखाडी खार जेमतेम अर्धा किलोची, नेम डोक्याचा, म्हणजे लिंबाएवढ्या लक्ष्याचा. .३२ ची गोळी फक्त ४५ ग्रेनची, सुमारे तीन ग्रॅम, पण पंचवीस यार्डांवर डोक्यात लागली तर जनावराला कळतही नाही आणि मांसही खराब होत नाही. तिथे नेम धरवत नसेल तर बार करू नये. आणि खारीच्या मागे खोड किंवा जाड फांदी असेल तरच. मागे आभाळ असेल तर ही गोळी कुठे जाऊन पडेल ते कुणालाच माहीत नसतं. मी सर्वांत जास्त खारी याच कारणानं सोडल्या आहेत.

बार झाला की धुरात काही दिसत नाही. उठायचं नाही. पडलेली जागा नजरेत धरून बसल्या जागी पुसायचं, पुन्हा भरायचं. दहा-पंधरा मिनिटांत रान पुन्हा बोलू लागतं.

इथली ही परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आसपास जर्मन कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली, आणि पुढे नळीचं भोक बारीक होत गेलं, कारण दारू आणि शिसं दोन्ही महाग. एक पौंड शिशात .५० च्या चाळीसेक गोळ्या होतात, .३२ च्या दीडशेच्या वर. १८६२ च्या सप्टेंबरात, अमेरिकेच्या यादवी युद्धात, ओहायोतल्या सिनसिनाटीवर दक्षिणेच्या फौजा चालून येत होत्या, तेव्हा ओहायोतले पंधरा हजारांहून जास्त साधे गावकरी घरच्या बंदुका घेऊन धावले. त्यांना 'स्क्विरल हंटर्स', म्हणजे खारीचे शिकारी, हेच नाव पडलं. जमलं तर सिनसिनाटीच्या पश्चिमेला इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी जा. १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं मैदान तिथे आहे. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बार भरताना तासभर पाहिलंत तर माझ्या या उत्तरापेक्षा जास्त शिकाल.

नियमांचं थोडक्यात: ओहायोत हंगाम १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी, दिवसाला सहा खारी, परवाना हवाच आणि खासगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी हवी. त्या वर्षीचं नियमपत्रक बघूनच निघा. काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुका फेडरल कायद्यात नेहमीच्या बंदुकांच्या व्याख्येबाहेर आहेत, पण राज्याराज्यांचे कायदे वेगळे. व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि भारतात हे वाचणाऱ्यांसाठी: शेकरू आपला राज्यप्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याच्या शिकारीला बंदी आहे. तिथे हा विषयच नाही.

माझ्या आईला मी खार मारतो हे अजून रुचलेलं नाही. तिच्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं आहेत. मी तिला सांगितलं की ही खार निराळी, हिच्या पाठीवर पट्टे नाहीत, आणि मारलेली प्रत्येक खार आमच्या ताटात येते. कुकरला चार शिट्ट्या, मग भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण. तरी ती माझ्याकडे असली की मी शिकारीला जात नाही.

बुडाचा कोनाडा साफ करून पुढच्या आठवड्यात चिंधी फिरवा आणि तिचा रंग इथे सांगा. तरीही तांबूस आली, तर नळीत आधीच्या मालकाच्या वेळचे खड्डे आहेत का ते बघावं लागेल, आणि तो इलाज वेगळा आहे.