पद्धतींची तुलना करण्याआधी मागच्या बाकावर बसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पदव्युत्तर लघुशोधप्रबंधासाठी 'कृतियुक्त अध्यापनपद्धतीचा विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीवर होणारा परिणाम' हा विषय मंजूर झालाय. सहावीच्या दोन तुकड्या मिळाल्यात, प्रत्येकी ४० मुलं. घटक दशांश अपूर्णांक, तासिका १५. एका तुकडीला तुम्ही कृतियुक्त, म्हणजे मुलांना स्वतः करायला लावणाऱ्या पद्धतीने शिकवणार, दुसरीला तिचे नेहमीचे शिक्षक शिकवणार. मग पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-परीक्षिका (दोन गटांच्या सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, ते पाहणारी कसोटी). आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "एवढ्यावर प्रबंध उभा राहील का?"

राहील. मंजूरही होईल. पण मुलं शिकली ती कशामुळे, आणि न शिकलेली कुठे अडली, हे त्यातून कळणार नाही. तुमच्या लिहिण्यातून जाणवतं की तुम्हाला तेच हवंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी स्वतः नेमक्या याच आराखड्यावर काम केलं होतं. टी-मूल्य सार्थक आलं, म्हणजे फरक योगायोगाचा नाही असं दिसलं, 'फरक नाही' या शून्य परिकल्पनेचा त्याग केला, सगळं रीतसर झालं. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी एकच गोष्ट विचारली: "नियंत्रित गटाच्या वर्गात त्या तासिकांना काय चाललं होतं?" मला सांगता आलं नाही. ज्या तुकडीला नेहमीच्याच पद्धतीने शिकवलं जात होतं, त्या नियंत्रित गटाच्या वर्गात मी एकदाही बसले नव्हते. प्रबंधात 'पारंपरिक पद्धत' एवढे दोन शब्द लिहून मी ती तुकडी निकालात काढली होती. ते शिक्षक मुलांना फळ्याशी बोलावत होते का, वह्या तपासत होते का, चुकलेल्या उत्तरावर थांबत होते का, यातलं काहीही मला माहीत नव्हतं. म्हणजे मी तुलना केली होती, पण कशाशी केली हेच मला ठाऊक नव्हतं.

तुमच्या आराखड्यात हाच धोका आहे, शिवाय आणखी एक गुंता आहे. एका बाजूला पद्धत नवी, व्यक्ती नवी, साहित्य नवं आणि शिकवणाऱ्याची उमेदही नवी. दुसऱ्या बाजूला रोजचंच सगळं. फरक पडला तर तो यातल्या कशाचा? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये मांडलेला प्रयोग तुम्ही अभ्यासक्रमात वाचला असेलच. काही मुलं लवकरच चमकतील असं शिक्षकांना सांगितलं होतं, प्रत्यक्षात ती मुलं यादृच्छिक पद्धतीने निवडलेली होती. तरी खालच्या इयत्तांत त्या मुलांचे बुद्धिमत्ता चाचणीतले गुण जास्त वाढलेले दिसले. त्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला. पण तुमच्यापुरता मुद्दा उरतोच: ज्या गटाकडून तुमची अपेक्षा आहे, त्याच गटाला तुम्हीच शिकवणार आणि त्याच गटाचे पेपरही तुम्हीच तपासणार. निदान पेपर तरी गट माहीत नसलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्या.

आता आकडेवारीचं. तुम्ही न्यादर्श, म्हणजे अभ्यासासाठी घेतलेली मुलं, ८० लिहिलाय. पण एका वर्गातली ४० मुलं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. शिक्षक एक, वातावरण एक, शेजारच्याच्या वहीत डोकावण्याची सोयही एकच. हे साधर्म्य मोजणाऱ्या सहसंबंधाची किंमत ०.२ धरली, तर न्यादर्श किती पटीने कमी धरायचा ते सूत्र सांगतं: १ + (४० − १) × ०.२ = ८.८. आता ८० ला ८.८ ने भागा. हाती उरते जेमतेम ९ स्वतंत्र मुलांएवढी माहिती. तुमची टी-परीक्षिका मात्र ८० मुलं धरून चालेल आणि सार्थक फरक सहज दाखवेल. खरी तुलना करायची तर ती किती मोठी लागते याचा अंदाज घ्यायचा असेल, तर अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ साली सुरू झालेला वर्गसंख्येचा प्रयोग पाहा. १३ ते १७ मुलांचे वर्ग आणि २२ ते २५ मुलांचे वर्ग यांची तुलना, ७९ शाळा, ११ हजारांवर मुलं, आणि मुलं व शिक्षक दोघांचीही वाटणी यादृच्छिक. एकट्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं हे काम नाही, आणि तुमच्याकडून तशी कुणी अपेक्षाही करत नाही.

मग आवाक्यात काय आहे? एकट्या माणसाला एक गोष्ट मोठ्या प्रकल्पांपेक्षा चांगली करता येते: वर्गात बसून बारकाईने पाहणं. 'कृतियुक्त पद्धत' हे फार मोठं गाठोडं आहे. त्यातली एकच कृती बाहेर काढा, जी डोळ्यांनी दिसेल आणि मोजता येईल. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतलं ध्वनिमुद्रण ऐकताना एवढंच पाहिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात. सरासरी वेळ निघाला साधारण एक सेकंद. तो तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर मुलांची उत्तरं लांबली, स्वतःहून बोलणारी मुलं वाढली आणि गप्प राहणारी कमी झाली. किती छोटी गोष्ट! पण ती कुणीही तपासू शकतं, आणि उद्याच्या तासाला करूनही पाहू शकतं.

वर्गातल्या बोलण्याची नोंद करायची असेल तर अमेरिकी शिक्षणसंशोधक नेड फ्लँडर्स यांची दहा प्रकारांची पद्धत अजूनही कामाची आहे. सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या बोलण्याचे, एक शांततेचा किंवा गोंधळाचा. दर तीन सेकंदांनी एक नोंद, म्हणजे २० मिनिटांत ४०० नोंदी. हात दुखतो, पण आपण 'विद्यार्थिकेंद्री' म्हणवतो तो तास प्रत्यक्षात कुणाच्या आवाजाने भरलेला आहे, हे नाकारता येत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने स्वतःच्याच पाठाची अशी नोंद केली आणि दोन दिवस ती फारसं कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नवं पाठ टाचण घेऊन आली. एक काळजी घ्या: निदान दोन-तीन तासांच्या ध्वनिमुद्रणावर दुसऱ्या कुणालाही स्वतंत्रपणे नोंदी करायला लावा आणि दोघांचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पाने, म्हणजे दोन निरीक्षकांच्या नोंदींतला मेळ मोजणाऱ्या गुणांकाने तपासा.

आता चाचणीकडे येते. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच, कारण घटक तुम्ही फार चांगला निवडलाय.

समजा तुम्ही प्रश्न दिला: ०.६२ आणि ०.४८ यांतली मोठी संख्या कोणती? जवळजवळ सगळी मुलं बरोबर सांगतील. त्यातलं एखादं मूल मनात म्हणत असेल, "बासष्ट अठ्ठेचाळीसपेक्षा मोठे." विचार चुकीचा, गुण पूर्ण. आता त्याच मुलाला ०.३५ आणि ०.४ द्या. ते ०.३५ म्हणेल, कारण पस्तीस चारपेक्षा मोठे. इथे चूक उघडी पडली. पण एवढ्यावर थांबू नका. वर्गात दुसरं एक मूल असतं, ज्याच्या डोक्यात बसलेलं असतं की दशांश चिन्हापुढे अंक जितके जास्त तितकी संख्या लहान. शतांश दशांशापेक्षा लहान असतो, याचा त्याने ओढूनताणून लावलेला अर्थ. ते मूल ०.४ हे बरोबर उत्तर देईल आणि तुमच्या यादीत 'समजलं' म्हणून जाईल. त्याला पकडायला ०.३ आणि ०.४७ ही जोडी लागते. तिथे ते ०.३ मोठं म्हणेल.

म्हणजे तीन जोड्या, तीन वेगळे विचार. पहिल्या जोडीने फक्त गुण मिळतात. दुसरी आणि तिसरी मिळून मूल काय विचार करतंय ते सांगतात. तुमच्या उत्तरचाचणीतले २५ च्या २५ प्रश्न पहिल्या जोडीसारखे असतील, तर दोन्ही तुकड्यांचे गुण वाढतील आणि कोणाला काय समजलं ते तुम्हाला कळणारच नाही. प्रत्येक प्रश्न लिहिताना स्वतःला विचारा: चुकीचा विचार करणारं मूल इथे चुकेल का? चुकणार नसेल तर तो प्रश्न काढून टाका. विश्वसनीयता गुणांकाचा (चाचणीचे गुण किती सातत्याचे आहेत ते सांगणारा) आकडा तुम्ही प्रबंधात द्यालच, पण हा प्रश्न तो गुणांक विचारत नाही.

आणि चाचणीनंतर दहा-बारा मुलांशी बोला. मी एकदा एका मुलीला ०.४ आणि ०.३५ ची जोडी दाखवली. पेपरात तिने ०.४ लिहून पूर्ण गुण घेतले होते. मी विचारलं, "कसं ठरवलंस?" ती म्हणाली, "मागे शून्य लावायचं. मग चाळीस होतात." मी म्हटलं, "शून्य लावलं तर संख्या दहापट होत नाही का?" ती थांबली. बराच वेळ थांबली. मग वहीच्या कोपऱ्यात तिने एक पट्टी काढली, तिचे दहा भाग केले, चार रंगवले, आणि मग प्रत्येक भागाचे पुन्हा दहा करायला लागली. तिसऱ्या भागापर्यंत येऊन म्हणाली, "रंगवलेलं तेवढंच राहिलं, तुकडे बारीक झाले." हे वाक्य माझ्या टी-मूल्याच्या कुठल्याच तक्त्यात मावलं नसतं. तो संवाद मी ध्वनिमुद्रणावरून शब्दशः उतरवून ठेवलाय, आणि दशांश शिकवण्याबद्दल मला जे थोडंफार कळतं ते अशाच पानांतून आलंय. मीही तिथे फक्त गप्प बसले होते; उत्तर तोंडात दिलं असतं तर ती पट्टी निघालीच नसती.

शीर्षक मंजूर झालंय, आता बदलता येणार नाही, ही तुमची अडचण फार मोठी नाही. शीर्षक तसंच ठेवा आणि 'कार्यात्मक व्याख्या' या भागात काम करा. बहुतेक जण तिथे शब्दकोश उतरवतात. तुम्ही तिथे लिहा, की या संशोधनात कृतियुक्त म्हणजे अमुक: दर तासिकेला मुलं पट्टीवर संख्या स्वतः दाखवतील, शेजाऱ्याला कारण सांगतील, आणि कारण ऐकल्याशिवाय शिक्षक बरोबर-चूक सांगणार नाही. मग त्या कृती खरंच घडल्या का, याची दोन्ही तुकड्यांत नोंद ठेवा. नियंत्रित गटातही त्या घडत असतील. अनुभवी शिक्षक नाव न देता हे सगळं करत असतात. तसं आढळलं तर ते लपवू नका, तोच निष्कर्ष म्हणून लिहा. टी-परीक्षिका विद्यापीठाला हवी असेल तर जरूर द्या, पण मर्यादांमध्ये दोनच वर्ग असल्याचं स्पष्ट लिहा आणि निष्कर्ष त्या दोन वर्गांपुरताच ठेवा. पूर्वचाचणीत सगळ्यात कमी गुण मिळालेली मुलं निवडून त्यांची प्रगती दाखवण्याचा मोह टाळा. अगदी खालचे गुण दुसऱ्या खेपेला काहीही न करता थोडे वर येतात.

परवानग्यांचं तुम्हाला माहीत असेलच: मुख्याध्यापक, पालक आणि स्वतः मुलंही. नको म्हणणाऱ्या मुलाला नको म्हणता आलं पाहिजे, आणि त्याचा वर्गातल्या गुणांशी संबंध नसल्याचं त्याला समजेल अशा शब्दांत सांगा.

राहिले ते दुसऱ्या तुकडीचे शिक्षक. तुम्ही त्यांचा उल्लेख फक्त 'नेहमीचे शिक्षक' असा केलाय. काम सुरू करण्याआधी त्यांच्याकडे जा. तुमची पद्धत त्यांच्यापेक्षा बरी हे सिद्ध करायला आलेली नाही, तर मुलं दशांशात कुठे अडतात ते समजून घ्यायचंय, असं सांगा. वरच्या तीन जोड्या त्यांना दाखवा आणि विचारा, त्यांच्या मते वर्गातली कोणती मुलं कुठल्या जोडीला चुकतील. ते जे सांगतील ते लिहून घ्या, पाकिटात बंद करा आणि पूर्वचाचणीनंतर दोघांनी मिळून उघडा.