वचन कुठे छापलंय ते आधी बघा

(वाचकांची पत्रं, काकांची उत्तरं)

या महिन्यात पत्रं बरीच आली, पण एका पत्रावरच मी चार दिवस अडून बसलो. तेच आधी घेतो. बाकीच्यांनी रागावू नये.

*काका, सप्रेम सलाम. आमची निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. माल उतरायला बारा दिवस होते, व्यापाऱ्याशी बोलणं झालं होतं आणि वीस मिनिटांच्या गारपिटीत सगळं झोपलं. त्याआधी एकवीस दिवस मी उपवास-प्रार्थना केली होती. महिला मंडळातल्या एक भगिनी म्हणाल्या, "तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला असेल." तेव्हापासून गुडघे टेकले की काही सुचतच नाही. बांधाला लागून असलेली बाग वाचली, ते लोक देवाचं नावही घेत नाहीत. विश्वासाने जगायचं म्हणजे नक्की काय करायचं?*
*— एक भगिनी, निफाड तालुका*

ताई, त्या भगिनींवर तुमचा राग असेल तर तो थोडा माझ्याकडेही वळवा. हेच वाक्य मी एकदा बोललो आहे, आणि तेही ठसक्यात.

मी नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये नोकरी केली. आमच्या पाळीत एक सोबती होता, आमच्याच मंडळीतला, म्हणजे चर्चमधला. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा मेंदूच्या तापाने दवाखान्यात होता. मी तिथे गेलो, खाटेशी उभा राहून मोठ्याने प्रार्थना केली आणि बाहेर व्हरांड्यात त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "विश्वास धर. पंधरा दिवसांत पोरगं चालत घरी येतं का नाही बघ. मात्र मनात शंका आणू नकोस, शंका आली की काम अडतं." पोरगं सहाव्या दिवशी गेलं. मातीला मी होतो. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत तो आमचा बाक सोडून खिडकीपाशी बसायला लागला, पाठमोरा. मंडळीत यायचाही बंद झाला. मी रिटायर झालो तेव्हा एकदाचा धीर करून त्याच्या घरी गेलो. माफी मागायला निघालो होतो खरा, पण दारात पाय ठेवल्यावर शब्द फुटेना. त्याने चहा केला, कपात ओतला, बशी पुसून दिली आणि म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी नुसता डबा घेऊन आला असता ना, तरी चाललं असतं. बायको तीन दिवस उपाशी होती."

आता विश्वास कमी पडण्याचं बघू. चुरगळली तरी नोटेची किंमत कमी होत नाही, हा दाखला तुम्ही संडे स्कूलपासून ऐकला असेल, तो मी देत नाही. नोटांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरंच काही दिसतं. शंभराच्या नोटेवर ओळ असते, 'मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ', आणि खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही. पिंपळगावच्या बाजारात एखादी म्हातारी ती नोट थरथरत घेते, तीनदा उजेडात धरून बघते. तिच्यामागचा गडी न बघता खिशात कोंबतो. दोघांना माल तेवढाच मिळतो. घेणाऱ्याच्या छातीत विश्वास किती मापं भरला, यावर नोटेची किंमत ठरत नाही. सही कोणाची, यावर ठरते. प्रभूने मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाची गोष्ट काढली ती उगाच नाही. एकवीस दिवसांच्या उपासाचे मार्क कापले गेले आणि म्हणून गारा पडल्या, असा हिशेब वर कोणी मांडत नाही.

पण ताई, आता जे सांगतो ते जरा कडू लागेल. एक रुपयाची नोट आठवते? तिची छपाई 1994 मध्ये थांबली होती, 2015 मध्ये पुन्हा सुरू झाली. ती नोट मिळाली तर नीट वाचून बघा. तिच्यावर ती वचनाची ओळच नाही. ती सरकारची नोट, सही वित्त सचिवांची. हे कळल्यावर आमच्याकडे आलेले पाहुणे नेहमी चमकायचे, कारण आयुष्यभर हाताळूनही कोणी वाचलेलं नसायचं. आपण पवित्र शास्त्राचंही तसंच करतो. विश्वासणाऱ्याच्या बागेत गारा पडणार नाहीत, असं वचन मी शोधलं. मला ते कुठे सापडलं नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तर प्रभू सरळ म्हणतो की, पाऊस नीतिमानावर आणि अनीतिमानावर सारखाच पडतो. तुमची बाग गेली आणि शेजाऱ्याची वाचली, यात ढग कुठल्या बांधावर फिरला यापलीकडचा अर्थ मी काढणार नाही. कोणी काढून दाखवला तर घेऊ नका. जिथे वचन छापलेलं नाही तिथे आपण ते वाचतो, आणि मग ते पुरं झालं नाही की देवाला खोटं पाडतो, नाहीतर स्वतःला.

मग छापलंय काय? तुम्ही विचारलेला शब्दच बघा. 'नीतिमान विश्वासाने जगेल' हे वाक्य पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिताना घेतलंय, इब्री लोकांच्या पत्रातही ते आहे. पण मूळचं ते जुन्या करारातल्या हबक्कूक संदेष्ट्याचं. इवलंसं पुस्तक, अवघे तीन अध्याय. दुसऱ्या अध्यायात हे वाक्य येतं, आणि तिसऱ्याच्या शेवटी काय आहे ते आज रात्री उघडून बघा: अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. म्हणजे ज्या माणसाने आपल्याला 'विश्वासाने जगणं' हा शब्द दिला, त्यानेच वेल रिकामा राहू शकतो हे लिहून ठेवलंय. आणि ताई, तो या आनंदावर एकदम नाही पोहोचला. पहिल्या अध्यायाची सुरुवातच भांडणाने आहे: किती वेळ ओरडू, तू ऐकतच नाहीस! प्रार्थना सुचत नाही म्हणता ना? गुडघ्यांवर हाच अध्याय मोठ्याने वाचा. ही तक्रारसुद्धा प्रार्थनाच आहे, छापील आहे, कोणाची परवानगी नको.

आमच्या जुन्या पाळकांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या शास्त्राच्या समासात पेन्सिलने लिहिलेली आहे. हबक्कूकच्या त्या वाक्यात 'विश्वास' म्हणून जो इब्री शब्द आहे, एमुना, तोच निर्गमच्या सतराव्या अध्यायात मोशेच्या हातांबद्दल येतो. अमालेकांशी लढाई चालू होती. मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकायचं, खाली आले की हरायचं. हात भरून आले तेव्हा लोकांनी त्याला दगडावर बसवलं, आणि अहरोन नि हूर यांनी दोन्हीकडून हात धरून ठेवले. सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'स्थिर' राहिले. तिथे हा शब्द आहे. थकलेले, दुसऱ्यांनी धरून ठेवलेले हात! महिला मंडळाला माझ्या नावाने हे वाचून दाखवा, आणि त्या भगिनींना म्हणावं, आता एक हात तुम्ही धरा.

तलाठ्याकडून पंचनामा झाला का? नसेल तर पाठपुरावा करा. सोसायटीचं कर्ज आणि औषधाच्या दुकानाची उधारी यांचा आकडा मालकांनी आणि तुम्ही एकत्र बसून कागदावर लिहा. आकडा मनात ठेवला की रात्री मोठा होतो. आणि एप्रिलची खरड छाटणी तुम्ही करणारच आहात, मला ठाऊक आहे. गारांनी झोडपलेल्या वेलाला कात्री लावून एका डोळ्यावर, म्हणजे एका कोंबावर, आणणारी बाई मला विश्वास म्हणजे काय ते विचारते!

*विश्वासणाऱ्याने विमा काढावा का? आमच्या संगतीतले एक भाऊ म्हणतात, विमा म्हणजे देवावर अविश्वास. पीकविमा, मेडिक्लेम सगळंच.*
*— एक वाचक, सिन्नर*

काढावा. हप्ता वेळेवर भरावा आणि पावती नीट ठेवावी. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला, त्याला कोणी अविश्वासू म्हटलं नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या मुली आणून ठेवल्या, त्या प्रार्थनेवर जगल्या हे खरंच, पण त्यांनी तिथे विहिरीही खणल्या, शेतीही केली, छापखानाही घातला. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायका-मुलींच्या हातांनी जुळवलं गेलं. (छापखान्याचा माणूस आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) तुमच्या त्या भाऊंना एवढंच विचारा की, उपासनेला येताना स्कूटरला कुलूप का लावतात.

*काका, मी सातपूरला कंपनीत आहे, तिन्ही पाळ्या असतात. तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. पहिल्या वर्षी प्रार्थनेत रडू यायचं, बायबल खाली ठेववत नसे. आता चार ओळी वाचल्या की झोप येते. रविवार कधी मिळतो, कधी नाही, मग मोबाइलवर उपासना बघतो. माझी आत्मिक वाढ थांबली आहे का? की मी मागे चाललोय?*
*— तुमचा एक मुलगा, सातपूर*

अरे, तिसरी पाळी करून आलेल्या माणसाला झोप येते ती शरीराची. तिला सैतानाचं नाव देऊ नकोस. मी पण केल्यात रात्रपाळ्या. झोप आधी काढ, मग वाच.

वाढीचं म्हणशील तर दिंडोरीला माझा मेहुणा आहे, त्याचीही द्राक्षं आहेत. एका सप्टेंबरात तो मला वेलाच्या काड्या तपासायला प्रयोगशाळेत घेऊन गेला. छाटणीच्या आधी बागाईतदार हे करतात. तिथल्या मुलीने काडीवरचा डोळा ब्लेडने आडवा चिरला, पातळ काप काचेवर ठेवला आणि मला म्हणाली, बघा. आधी काहीच दिसेना. मग हिरव्या पापुद्र्यांच्या मधोमध एक पांढुरका, खडबडीत ठिपका दिसला. "हा घड," ती म्हणाली. ऑक्टोबरात छाटणी व्हायची होती, माल निघणार फेब्रुवारीत, आणि घड आत तयार! मी मेहुण्याला विचारलं, हा बसला कधी? तर म्हणे मे-जूनमध्ये, उन्हाच्या काहिलीत, जेव्हा बागेकडे बघून कोणी काही म्हणत नाही.

त्याने आणखी एक सांगितलं, ते तुझ्या कामाचं आहे. त्या दिवसांत वेल जोरात वाढत सुटला तर तो खूश होत नाही, धास्तावतो. त्याला ते लोक 'बाग माजली' म्हणतात. पानं ही एवढाली, शेंडे मांडवाबाहेर, आणि डोळ्यात घड नाही. मग पाणी तोडतात, खत आवरतात, शेंडे खुडतात. वाढ थांबवतात म्हणजे काडी पिकते. मला सत्तरी गाठेपर्यंत वाटत होतं की वाढ आणि फळ एकच.

तुझा शेंडा देवाने खुडला असं मी छातीठोक सांगणार नाही. पाळ्यांच्या वेळापत्रकानेही खुडला असेल. पण पहिल्या वर्षीचं रडू हे पानांत धर, आणि फळ दुसरीकडे शोध. पौलाने गलतीकरांना फळाची यादी दिलीय, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता वगैरे नऊ. त्यात रडू नाही आणि वाचलेल्या अध्यायांची संख्याही नाही. तीन वर्षांपूर्वी सुपरवायझरने चारचौघांत झापलं की तू काय करायचास? आता काय करतोस? घरी गेल्यावर तो राग कोणावर निघायचा? हे तू स्वतः सांगू नकोस, बायकोला किंवा आईला विचार. आपला डोळा आपल्याला चिरता येत नाही.

आणि घाई करू नकोस. लक्ष्मीबाई टिळक आपल्याच नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या यजमानांनी, नारायण वामन टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. मधली पाच वर्षं सोवळं-ओवळं एकेक धागा करून सुटत होतं. कोणी त्या काळात विचारलं असतं की बाई, तुमची आत्मिक वाढ कशी चाललीय, तर त्यांनी काय ऐकवलं असतं याची मला कल्पना आहे.

मोबाइलवरच्या उपासनेबद्दल माझं मत चांगलं नाही, पण पाळीवाल्याला मी नाही म्हणत नाही. तरी एक कर. सकाळची पाळी असेल तेव्हा संध्याकाळी कुठे प्रार्थनासभा असते ते आपल्या पाळकांना विचार आणि आठवड्यातून एकदा चार माणसांत बस. मागे बसलास तरी चालेल, पेंगलास तरी चालेल. आणि कंपनीच्या बसमध्ये एक स्तोत्र, एकच. मी तेवीस वर्षं गेटवरच्या झडतीच्या रांगेत उभं राहून तेवढंच केलं, कारण त्या रांगेत दुसरं काही करायला परवानगी नव्हती.

राहिलेली पत्रं पुढच्या अंकात. एक विनंती: निळ्या शाईने, मोठ्या अक्षरात आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहा. उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय, आणि हो, त्याचा मेडिक्लेम आहे.