डी अँड डीमध्ये पाचव्या लेव्हलला पात्रं एकदम एवढी ताकदवान का होतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघांचा गट आहे, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांवर चालणाऱ्या रोल-प्लेइंग खेळाची २०१४ची पाचवी आवृत्ती खेळताय. चौथ्या लेव्हलपर्यंत लढाया चुरशीच्या व्हायच्या, पाचव्या लेव्हलला शत्रू दोन राउंडमध्ये आडवे व्हायला लागले. डीएमचं (खेळ चालवणाऱ्याचं, शत्रू तोच आणतो) काही चुकतंय का? आणि फायटरने (हत्यारांनी लढणाऱ्या पात्राने) आता विझार्डची (जादूगाराची) लेव्हल घ्यावी का?

डीएमचं चुकत नाहीये. या खेळात ताकद प्रत्येक लेव्हलला सारखी वाढत नाही, टप्प्याटप्प्याने उसळते. माझ्या मते त्यातली सगळ्यात मोठी उडी पाचव्या लेव्हललाच आहे. फायटरचंच बघा. चौथ्या लेव्हलला स्ट्रेंथ १८, हातात लाँगसोर्ड आणि ढाल: एका वाराचं डॅमेज डी८+४ (आठ बाजूंचा फासा, अधिक स्ट्रेंथचे ४), सरासरी ८.५ (फायटिंग स्टाइल हा फायटरचा जादा फायदा सोडून). पाचव्याला एक्स्ट्रा अटॅक येतो, त्याच टर्नमध्ये दोन वार. दोन्ही लागले तर १७. विझार्डला तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट (त्या पातळीचं स्पेल, म्हणजे जादू, टाकायच्या दोन संधी) मिळतात आणि सोबत फायरबॉल: ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी २८, चाळीस फूट व्यासाच्या गोलात सापडलेल्या प्रत्येकाला. गॉब्लिन या शत्रूचे हिट पॉइंट (किती डॅमेज झेलतो तो आकडा) ७ आणि ऑर्कचे १५. गॉब्लिनने सेव्ह केला (बचावाचा फासा जिंकून डॅमेज अर्धं केलं) तरी सरासरी १४ बसतात, म्हणजे तो जवळपास गेलाच. शिवाय प्रोफिशिएन्सी बोनस (येत असलेल्या गोष्टींच्या फाशात मिळवायचा आकडा) +२चा +३ होतो आणि फायर बोल्टसारखी कँट्रिप (स्लॉट न लागणारं स्पेल) एकाऐवजी दोन फासे टाकते.

यावर पुष्कळ डीएम शत्रूंचा एसी (वार लागायला फाशाने गाठायचा आकडा) वाढवतात. तो उपाय चुकीचा आहे. फायटर नुसता हुकत राहतो आणि फायरबॉलला काहीच फरक पडत नाही, कारण त्यात एसी बघतच नाहीत. मुळात ही आवृत्ती अशी बांधलीय की नेम हळू वाढतो. पहिल्या लेव्हलला फाशात +५ मिळवून एसी १५ला मारायचं तर डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) किमान १० लागतो, म्हणजे ५५ टक्के. विसाव्या लेव्हलला, जादूची हत्यारं न धरता, +११ असतं, ४ पुरतो, ८५ टक्के. वाढतात ते डॅमेज आणि हिट पॉइंट. म्हणून जास्त हिट पॉइंटचे शत्रू आणा (ओगरचे ५९ असतात), बाकीचे दोन-तीन दिशांना पांगवा, आणि दोन लाँग रेस्टच्या (स्लॉट परत देणाऱ्या मोठ्या विश्रांतीच्या) मधे एकच लढाई ठेवू नका. विझार्डकडे एका वेळी फायरबॉल दोनच असतात. दिवसभरात एकच लढाई असेल तर तो दोन्ही तिथेच उडवणार. तिसरी-चौथी लढाई येणार हे माहीत असलं की तो हात राखून खेळतो.

एक्सपी (लेव्हल चढायला लागणारे अनुभवाचे गुण) मोजताना एक चूक फार दिसते. चार गॉब्लिन म्हणजे ५० गुणिले ४, २०० एक्सपी. ३ ते ६ शत्रूंसाठीचा दुप्पट गुणक फक्त लढाई किती अवघड आहे ते ठरवायला आहे. वाटायचे २००च, म्हणजे प्रत्येकी ५०. गुणक धरून वाटलेत तर गट दुप्पट वेगाने चढतो. पाचवी लेव्हल ६,५०० एक्सपीला येते, सहावी १४,०००ला. तुमचा गट भलताच लवकर पोचला असेल तर आधी हा हिशेब तपासा.

शीट (पात्राच्या आकड्यांचा कागद) बदलतानाही गोंधळ होतो. प्रोफिशिएन्सी वाढली की अटॅक, येत असलेली स्किल्स व सेव्ह आणि स्पेल सेव्ह डीसी, म्हणजे तुमच्या स्पेलपासून वाचायला शत्रूने गाठायचा आकडा (८ + प्रोफिशिएन्सी + स्ट्रेंथ-इंटेलिजन्ससारख्या गुणावरून येणारा मॉडिफायर), सगळं एकेकाने वाढवा. डॅमेजमध्ये ती कधीच मिळवायची नाही. हिट पॉइंटसाठी फासा टाकण्यापेक्षा ठरलेला आकडा घ्या: फायटरच्या डी१०ची सरासरी ५.५, नियम सरळ ६ देतो, वर कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर. पुढे हा मॉडिफायर वाढला तर मागच्या सगळ्या लेव्हलचे हिट पॉइंटही प्रत्येकी एकाने वाढतात, हे बरेच जण विसरतात.

आता मल्टीक्लास, म्हणजे एकाच पात्राने फायटर-विझार्डसारखे दोन क्लास घेणं. प्रोफिशिएन्सी एकूण लेव्हलवर चालते, पण एक्स्ट्रा अटॅक आणि अॅबिलिटी वाढ (स्ट्रेंथसारख्या गुणांतली वाढ) त्या-त्या क्लासच्या लेव्हलवर. चार लेव्हल फायटर आणि एक विझार्ड घेतलीत तर दुसरा वार मिळत नाही. बाकी गट दुप्पट जोराने मारत असताना तुम्ही चौथ्या लेव्हलचाच मार देत राहता. सहाव्या फायटर लेव्हलला अॅबिलिटी वाढही आहे, तेव्हा दोन्ही पदरात पाडून मग विझार्डकडे वळा. इंटेलिजन्स किमान १३ लागेल, आणि स्ट्रेंथ किंवा डेक्स्टेरिटीही १३. शिवाय एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल असेल तर हातवारे लागणाऱ्या बऱ्याच स्पेलना हात मोकळा राहत नाही. वॉर कास्टर हे फीट (पात्राने घ्यायचं खास कौशल्य) त्याचसाठी आहे.

दोन जादूवाले क्लास मिसळणाऱ्यांची फसगत वेगळीच होते. तीन लेव्हल विझार्ड आणि दोन क्लेरिक (देवाच्या कृपेने जादू करणारा क्लास) घेतल्या तर स्लॉट पाचव्या लेव्हलच्या विझार्डइतके मिळतात, तिसऱ्या पातळीचे दोनसुद्धा. पण स्पेल तयार करताना (कोणती वापरायची ते निवडताना) प्रत्येक क्लास सुटा धरतात, त्यामुळे तिसऱ्या पातळीचं एकही स्पेल हाती नसतं. त्या स्लॉटमधून खालचीच स्पेल मोठी करून टाकायची, जसं की स्कॉर्चिंग रेचे तीनऐवजी चार किरण.