एकचा खिळा संपायचा तेव्हा

प्रश्न : आजीच्या ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला एका साप्ताहिकाचा कागद सापडला. नोव्हेंबर १९६२ चा आहे. एका बाजूला स्टीलच्या भांड्यांची आणि कंदिलांची मोठी जाहिरात, आणि तिला अगदी चिकटून राष्ट्रीय संरक्षण निधीला मदत देणाऱ्यांची यादी. सीमेवर जवान मरत असताना शेजारी डबे-पातेली विकायची, हे पाहून मन खट्टू झालं. लोकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं का?
एक वाचक, सेलू

उत्तर : मी त्या वर्षी सतरा वर्षांचा होतो आणि परभणीच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला नुकताच लागलो होतो. तिथंही एक चार पानी साप्ताहिक छापलं जायचं. असं पान कसं तयार व्हायचं ते आधी सांगतो, म्हणजे त्या दुकानदारावरचा तुमचा राग निवळेल.

चीनने हल्ला केला २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. धनत्रयोदशीची भांड्यांची जाहिरात आम्ही त्याआधीच जुळवून ठेवलेली. पाठोपाठ तुळशीची लग्नं, मग लग्नसराई, रुखवत. तांब्या-पितळेची कल्हई करून करून थकलेल्या बायका तेव्हा नुकत्या स्टीलकडे वळत होत्या. वीज गावातल्या थोड्याच घरांत, त्यामुळे ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची जाहिरात बारमाही. असा मजकूर आम्ही सोडत नसू, म्हणजे त्याचे खिळे सुटे करत नसू. सुतळीनं करकचून बांधून फळीवर ठेवायचा आणि दर आठवड्याला तसाच पानात बसवायचा. जाहिरात जागची हलायची नाही, उरलेल्या जागेत त्या आठवड्याची यादी बसायची. तुम्हाला खटकलेला शेजार असा झाला.

यादीचे पैसे कुणी घेत नव्हतं. तहसिलीतून, शाळांतून, जिल्हा परिषदेतून (तीही त्याच वर्षी १ मेला सुरू झालेली) हातानं लिहिलेले कागद यायचे आणि मालक ते फुकट छापायचे. कागद, शाई, आमचा पगार निघायचा तो भांडीवाल्याच्या जाहिरातीतून. त्याच भांडीवाल्याच्या गल्ल्याशेजारी निधीचा डबा ठेवलेला असे. जाहिरातीचे पैसे द्यायला तो यायचा, तेव्हा डब्यात किती जमलं त्याची चिठ्ठीही खिशातून काढून द्यायचा. एकाच माणसाच्या दोन चिठ्ठ्या तुमच्या त्या पानावर शेजारी शेजारी आहेत.

आता यादीतले आकडे बघा. ११, २१, ५१, १०१. मंगलकार्यात देतात तसा प्रत्येकानं वर एक ठेवलेला. त्यापायी आमच्या केसमधला, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीतला, एकचा खिळा संपायचा! एरवी आठवडाभराच्या मजकुराला पुरून उरणारा खिळा त्या यादीला पुरत नव्हता. मग दोन नंबरचं पान छापून झालं की यादी तिथंच सोडायची, खिळे रॉकेलनं धुवायचे, ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे आणि उरलेली नावं तीन नंबरच्या पानावर जुळवायची. ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, पायानं चालवायचं. एका बुधवारी रात्रीचे अडीच वाजले, पण कुणी कुरकुर केली नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री व्हायला दिल्लीला निघाले होते, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे ज्याच्या त्याच्या तोंडी होतं, आणि आम्हाला वाटे, आपणही धावतोय.

एका अंकात मी ‘एक भगिनी, सोन्याची पुतळी १’ अशी ओळ जुळवली. आलेल्या कागदावर तसंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारी छापखान्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. हातात तो अंक, कुणाकडून तरी वाचून घेतलेला. म्हणाली, ‘‘महं नाव कुठंय रे बाबा?’’ गेलेल्या नवऱ्याच्या नावानं तिनं माळेतली एक पुतळी सोडवून दिली होती, आणि ते नाव छापून यावं एवढीच तिची इच्छा होती. यादी लिहिणाऱ्यानं ते घेतलंच नव्हतं. मालकांनी पुढच्या अंकात दुरुस्ती द्यायला सांगितलं. मी ती ओळ बाकी यादीपेक्षा मोठ्या टाइपात जुळवली. मालकांनी प्रूफ पाहिलं आणि तशीच राहू दिली. अंक निघाल्यावर तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. तिनं ती पदराला पुसली नाही.

तुमच्या कागदावर ‘एक भगिनी’ असं कुठं दिसलं तर तिथं जरा थांबा. आणि यादीत आजीच्या माहेरचं आडनावही शोधा. ट्रंकेत अंथरायला घरात दुसरे कागद नसतील असं मला वाटत नाही.

प्रश्न : आमचे आजोबा सोनार. त्यांच्या दुकानाच्या जाहिरातीचं कात्रण आहे, पण तारखेचा भाग फाटला आहे. ‘१४ कॅरेटचे दागिने’ असं लिहिलंय आणि अंकाची किंमत ‘न. पै.’ मध्ये आहे. साल कळेल का?
एक वाचक, वसमत

उत्तर : कळेल. चौदा कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला सरकारनं जानेवारी १९६३ मध्ये बंदी घातली. ‘नवे पैसे’मधला ‘नवे’ हा शब्द १ जून १९६४ ला गेला. म्हणजे कात्रण या दोन तारखांच्या मधलं.

आजोबांनी ती जाहिरात आनंदानं दिली नसणार. लोकांनी आपणहून सोनं दिलं त्याला दोन-तीन महिने होत नाहीत तोच हा नियम आला. परदेशी चलन वाचवायचं, सोन्याची ओढ कमी करायची, हा हेतू होता. पण बावीस कॅरेटवर हात बसलेल्या माणसाला चौदाचं सोनं कडक लागतं, आणि गिऱ्हाईक तर दुकानाची पायरीच चढेना. कितीतरी सोनारांचे घरचे धंदे त्यात मोडले. कसाची ती अट १९६६ साली उठली. त्या काळातही आजोबांनी दुकानाची पाटी उतरवली नाही, एवढं हे कात्रण सांगतं. जपून ठेवा.

प्रश्न : जुने अंक पिवळे पडून घडीवर तुटताहेत. लॅमिनेशन करून घेऊ का?
एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नका करू. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं आम्लच त्याला आतून खातं. प्लास्टिकमध्ये घातलात तर ते आतच राहील आणि कागद पुन्हा बाहेर काढता येणार नाही. चिकटपट्टीही लावू नका, तिचा गोंद डाग पाडतो. घड्या उलगडा, आम्लविरहित कागदात सपाट ठेवा, उजेड आणि ओल लागू देऊ नका. आणि सगळ्यात आधी फोटो काढा, प्रत्येक पानाचे, मागच्या बाजूच्या जाहिरातींसकट.