भांडं ऐंशीवर थांबत नाही

इलेक्ट्रिक भांडी, हीटर आणि डिजिटल कंट्रोलर यांवर आलेल्या सोलापूरकरांच्या प्रश्नांपैकी पाच आज घेतोय. बहुतेकांनी कंट्रोलरलाच आरोपी ठरवून पत्र लिहिलंय. माझा अनुभव उलटा आहे. कंट्रोलरला भांड्यातलं पाणी दिसत नाही, सेन्सरच्या टोकाला जेवढं जाणवतं तेवढंच त्याला कळतं. म्हणून माझा पहिला संशय नेहमी सेन्सरवर आणि तो बसवणाऱ्या हातावर जातो.

सुताच्या लड्यांची सॅम्पल रंगवायला घरी 25 लिटरचं स्टीलचं भांडं केलंय. 2 किलोवॅटचा हीटर, पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून हीटरची पॉवर कमी-जास्त करणारा), एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). 80 अंश लावलं की 88 पर्यंत जातं, मग 76 ला येतं. लडीवर शेडही पट्ट्यापट्ट्यांची येते. कंट्रोलर बदलू का? – अशोक चौक

बदलू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत हीटर तळाशी आहे आणि सेन्सर वरच्या काठापासून जेमतेम चार बोटं खाली. त्यात तो पोकळ नळीत सैल बसलाय, म्हणजे मध्ये हवा. पाणी तापल्याची खबर त्याला उशिरा लागते, तोवर हीटर चालूच. पुढे हीटर बंद झाला तरी त्याच्या अंगातली उष्णता पाण्यात उतरत राहते, आकडा आणखी चढतो.

एक करून बघा. लडी न टाकता पाणी तापवायला ठेवा आणि ढवळणं थांबवून वरून रंगाचा एक थेंब सोडा. हीटरच्या बाजूने रंग वर उसळेल आणि लांबच्या कोपऱ्यात तसाच लोंबकळत राहील. त्या कोपऱ्यातलं पाणी आणि हीटरजवळचं पाणी यांत कितीतरी अंशांचा फरक असतो. पट्ट्या तिथूनच येतात. तेव्हा आधी ढवळण्याची सोय करा, छोटा पंप किंवा गिअरची मोटर. सेन्सर पाण्याच्या मध्यावर आणा, पण हीटरला टेकवू नका. नळीत एसएसआरखाली लावतात तीच उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट भरा. एवढं झाल्यावर, रोज जेवढं पाणी घेता तेवढंच घेऊन, ढवळणं चालू ठेवून ऑटोट्यून करा, म्हणजे कंट्रोलर आपली सेटिंग स्वतःच ठरवेल. अर्ध्या भांड्यावर केलेलं ऑटोट्यून पूर्ण भांड्याला लागू पडत नाही. एसएसआर असेल तर सायकल टाइम (एका चालू-बंद फेरीचा वेळ) 2 सेकंद ठेवा. साधा रिले (यांत्रिक स्विच) असेल तर 20, नाहीतर टकटक करत महिन्या-दोन महिन्यांत त्याचे पॉईंट जळतील.

80 अंश हे हॉट ब्रँड, म्हणजे गरम पाण्यात चढणाऱ्या रंगांसाठी आहे. तुमच्याकडचा डबा कोल्ड ब्रँडचा असेल तर त्याला 30-40 पुरतं, आणि मे महिन्यात तेवढं आपल्या गच्चीवरच्या टाकीतूनच मिळतं! आणखी एक. रंगाच्या पाण्यात मीठ असतं. साध्या 304 ग्रेडच्या स्टीलच्या हीटरला त्याने बारीक भोकं पडतात. पुढचा हीटर 316 चा घ्या.

100 लावलंय. पाणी खळखळ उकळतंय तरी कंट्रोलर 98 च्या पुढे जात नाही आणि हीटर बंदच होत नाही. – होटगी रोड

कंट्रोलर खरं सांगतोय. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथे पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या जवळपासच उकळतं. 100 कधी येणारच नाही, आणि ते येईल या आशेवर हीटर भांडं कोरडं होईपर्यंत चालेल. सेटिंग 96 वर आणा. सतत उकळीच हवी असेल तर कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून 50-60 टक्के पॉवर द्या.

सेन्सरची वायर कमी पडली म्हणून घरातली बारीक वायर सहा मीटर जोडली. तेव्हापासून आकडा चार अंश जास्त दाखवतो, कधी कधी उड्याही मारतो. – जुळे सोलापूर

तुमचा सेन्सर पीटी-100 दिसतोय. तापमान चढलं की त्याचा रोध वाढतो: 0 अंशाला 100 ओहम आणि पुढे दर अंशाला साधारण 0.385 ओहम. तुमची बारीक वायर जाऊन-येऊन बारा मीटर झाली, तिचा एखादा ओहम सहज भरतो. कंट्रोलर तो तापमानात धरतो, की झाले अडीच-तीन अंश. उरलेला अंश आणि त्या उड्या पिळून टेप मारलेल्या जोडाच्या. तीन वायरींचा सेन्सर घ्या, तिसऱ्या वायरीमुळे कंट्रोलर वायरीचा रोध वजा करतो, आणि तिन्ही वायरी एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या न्या. मीटर लावून बघा: एकाच रंगाच्या दोन वायरींत जवळजवळ शून्य, वेगळ्या रंगाशी 30 अंशाच्या खोलीत 111.7 च्या आसपास.

दह्याच्या पेटीला 42 लावलंय. दुपारी पेटी 45 दाखवते. कंट्रोलरचा आउटपुटचा दिवा बंद असतो. – विजापूर वेस

ताई, दिवा बंद म्हणजे हीटर बंद असं धरून चालू नका. एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा आतून जुडून जातो आणि हीटर चालूच राहतो. माझ्याच वर्कशॉपमध्ये 40 अँपिअर छापलेला एक स्वस्त एसएसआर 9 अँपिअरला असा गेला. हीटसिंक (त्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) लावला नव्हता, चूक माझी. दुपारचं जेवून आलो तर भांडं कोरडं, तळ निळा पडलेला. तेव्हापासून मी प्रत्येक भांड्याला एसएसआरच्या जोडीला सिरीजमध्ये साधा थर्मल कट-आउट (फार तापलं की वीज तोडणारा स्विच) लावतो. तुम्हीही लावून घ्या. हीटरचा प्लग काढून तासभर बघा. आकडा उतरला तर दोष एसएसआरचा. नाही उतरला तर दोष मे महिन्याचा, कारण हा कंट्रोलर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. पेटी पत्र्याच्या छपराखाली असेल तर तिथून काढून फरशीवर ठेवा, भोवती ओलं पोतं गुंडाळा किंवा विरजण रात्री लावा.

पावसाळ्यात तीन महिने भांडं बंद होतं. आता हीटर लावला की आरसीसीबी (वीज गळाली की बंद पडणारा स्विच) पडतो. थेट वायर देऊन बघू का? – अक्कलकोट रोड

नाही.

हीटरच्या नळीतली पांढरी पावडर बंद काळात हवेतला ओलावा ओढून घेते आणि वीज नळीच्या अंगाला गळते. हीटर काढा, टोकं कोरडी पुसा, चांगल्या उन्हात किंवा शंभर-सव्वाशे अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास वाळवा. मग 500 व्होल्टच्या मेगरने (गळती तपासायच्या मीटरने) टर्मिनल आणि नळी यांमधला रोध मोजून घ्या. तो 1 मेगाओहमच्या खाली आला तर हीटर भंगारात द्या. भांड्याचं अर्थिंग तेवढ्यात तपासून घ्या, आणि पाणी ढवळायला लाकडी दांडा वापरा.