पहाटे चार वाजून दहा मिनिटं

(गेल्या अंकात बेसबॉलमधल्या उत्तेजक द्रव्यांवर मी पानभर लिहिलं. बडोद्यात हे वाचणार कोण, असं संपादकांना वाटत होतं. अकरा पत्रं आली. दोघांनी मला झापलंय, त्यांच्यापैकी एकाला आधी उत्तर देतो. नवीन वाचकांसाठी : दांडिया बाजारात माझं औषधांचं दुकान आहे, आता मुलगा बघतो, मी संध्याकाळी दोन तास काउंटरवर असतो. पहाटे पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाचे सामने बघतो.)

विजय हजारेंच्या गावात राहून बेसबॉलवर लिहिता? काही वाटत नाही का तुम्हाला? — रावपुऱ्यातले एक ज्येष्ठ वाचक

वाटतं ना, थोडं. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाला धुताना हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली, ती आपण झाडावर बसून पाहिली असं माझे वडील सांगायचे. दर दोन वर्षांनी झाड बदलायचं. कधी लिंब, कधी वड. तेव्हा क्रिकेट माझ्या रक्तात आहेच, त्याची काळजी करू नका.

बेसबॉलचं खूळ २००८ मध्ये शिरलं. उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंनी चेंडू जोरात फेकायची एक स्पर्धा गाजवली आणि पायरेट्सनी दोघांनाही करारबद्ध केलं. दिनेश ‘पटेल’ म्हटल्यावर आमच्या बाजारात तर त्याला आणंदचाच करून टाकला होता! पुढच्या उन्हाळ्यात भावाकडे पिट्सबर्गला गेलो. सकाळी व्यंकटेश्वराचं देऊळ, संध्याकाळी नदीकाठचं मैदान. मी आपला कठड्याला रेलून आपली पोरं शोधतोय. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं, ती इथे नाहीत, फ्लोरिडात आहेत, अगदी खालच्या पायरीवर. त्या साली पायरेट्स सलग सतराव्या मोसमात हरल्यापेक्षा कमी सामने जिंकले, अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांतला तो विक्रम. अशा संघाला सोडून येणं जमलं नाही.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, जिल्ह्याकडून खेळतो. युसूफ पठाणवर खोकल्याच्या औषधामुळे बंदी आली होती हे खरं का? अशी चूक होऊ नये म्हणून काय करावं? — मांजलपूरची एक आई

ताई, खरं आहे. मार्च २०१७ मध्ये देशांतर्गत टी-२० स्पर्धेच्या वेळी युसूफचा नमुना घेतला, त्यात टर्ब्युटालिन सापडलं. ते खोकल्याच्या औषधातून नकळत गेलं हे क्रिकेट मंडळाने मान्य केलं, तरी पाच महिन्यांची बंदी बसलीच. ती मागच्या तारखेपासून धरली, म्हणून जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाली आणि पाच-सहा दिवसांत संपलीही. २०१९ मध्ये पृथ्वी शॉच्या नमुन्यातही तेच द्रव्य आलं, त्याला आठ महिने.

युसूफची बातमी आली त्या संध्याकाळी मी खोकल्याच्या सगळ्या बाटल्या काउंटरवर उतरवल्या आणि भिंग घेऊन बसलो. चौदा बाटल्या. पाचांवर तेच तीन शब्द : टर्ब्युटालिन, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन. पहिलं श्वासनलिका मोकळी करतं, दुसरं कफ पातळ करतं, तिसरं तो सुटायला मदत करतं. दम्याच्या माणसाला पहिल्याने बरं वाटतं आणि म्हणूनच खेळाडूला ते विनापरवाना चालत नाही. अक्षरं मात्र इतकी बारीक की धाप लागलेल्या माणसाने ती वाचावीत ही अपेक्षाच निर्दय आहे. त्या पाच बाटल्यांच्या फळीवर मी तांबड्या स्केचपेनने ‘खेळाडू – नाही’ अशी चिठ्ठी चिकटवली. ती अजून आहे. मुलगा म्हणतो, बाबा, गिऱ्हाईक हसतं.

हसू दे. मागच्या हिवाळ्यात एक पोरगा किट पाठीला लावूनच आला, “काका, खांसीनी दवा आपो ने, काले मोतीबागमां मॅच छे.” मी बाटली फिरवून पेनाने शब्द दाखवला. तो म्हणाला, मला कोण तपासणार? बरोबर आहे, उद्या कोणी नाही. पण सवय आजच लागते.

तुम्ही एवढंच करा : डॉक्टरांना आजार सांगण्याआधी ‘हा खेळतो’ हे सांगा, चिठ्ठी जपून ठेवा, आणि औषध टाळता येत नसेल तर उपचारासाठीची सूट आधी मागा, नंतर नाही. शेजारणीने दिलेली अर्धी बाटली तर घरातच घेऊ नका.

बेसबॉलपटू फर्नांडो टॅटिस ज्युनियर म्हणाला की नायट्याच्या औषधातून स्टेरॉइड गेलं. औषधवाले म्हणून तुम्हाला पटतं? — फार्मसीची एक विद्यार्थिनी

तू फार्मसीची, म्हणजे तुझ्याशी मोकळं बोलता येईल. स्टेरॉइडच्या दोन जाती लोक एक समजतात. आपल्याकडे नायट्यासाठी खपणाऱ्या कितीतरी ट्यूबांत क्लोबेटासॉल असतं. ते सूज-खाज दाबतं, स्नायू वाढवत नाही (आणि नायटा आतल्या आत पसरवतं, पण तो माझा वेगळा राग आहे). टॅटिसच्या नमुन्यात सापडलं क्लोस्टेबॉल. ते टेस्टोस्टेरॉनच्या घरातलं, स्नायू वाढवणाऱ्या जातीचं. काही देशांत जखम भरायच्या मलमात, स्प्रेमध्ये मिळतं, त्यामुळे त्वचेवाटे गेलं असेल हे अशक्य नाही. पण नायटा म्हणजे बुरशी, आणि क्लोस्टेबॉल बुरशी मारत नाही.

तेव्हा कारण मला अर्धवट पटतं आणि शिक्षा पूर्ण पटते. १४ वर्षांचा ३४० दशलक्ष डॉलरचा करार असलेल्या माणसाने ट्यूबचा फोटो काढून संघाच्या डॉक्टरला पाठवायला किती वेळ लागतो? ऑगस्ट २०२२ मध्ये ८० सामन्यांची बंदी लागली, पगार बुडाला. एप्रिल २०२३ मध्ये परतला आणि त्याच मोसमात नॅशनल लीगमधल्या (दोन मोठ्या लीगपैकी एक) सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा मान मिळवला. शिक्षा भोगली, हिशेब संपला. मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो, पायरेट्सविरुद्ध नसेल तेव्हा.

बेसबॉलमधल्याच रॉबिन्सन कॅनोचं तसं नाही. २०१८ मध्ये त्याच्या नमुन्यात फ्युरोसेमाइड सापडलं. आपल्याकडे हृदयाच्या रुग्णाला देतात ती लघवीची गोळी. खेळाडूच्या बाबतीत संशय असा की ती दुसरं काही धुऊन काढायला घेतली. ८० सामने. दोन वर्षांनी स्टॅनोझोलॉल, सरळ सरळ. मग २०२१ चा अख्खा मोसम गेला. दुसऱ्यांदा पाय घसरला म्हणणाऱ्याला आमची आजी म्हणायची, पाय नाही रे, वाटच तिकडची.

बॅरी बॉन्ड्सला तुम्ही गेल्या अंकात हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात) ‘आत घ्या’ म्हणालात. चोराची बाजू घेता? — एक संतप्त वाचक, अलकापुरी

साहेब, शांतपणे वाचा. १९९१ मध्ये बेसबॉलच्या तेव्हाच्या आयुक्तांनी स्टेरॉइड चालणार नाहीत असं पत्रक काढलं, पण तपासणीच नव्हती. दुकानात ‘उधार बंद’ची पाटी लावून वही उघडी ठेवावी तसं. १९९८ मध्ये मॅकग्वायरने ७० आणि सोसाने ६६ होम रन (आपला षटकार म्हणा) मारले, मैदानं भरली, मालक खूश. २००१ मध्ये बॉन्ड्सचे ७३. २००३ मध्ये पहिली चाचणी झाली, तीही नावं गुप्त ठेवून, किती जण घेतात एवढंच बघायला. पाच टक्क्यांहून जास्त निघाले, म्हणून पुढच्या वर्षीपासून नियम आला. २००५ ला पहिल्या गुन्ह्याला १० दिवसांची बंदी, २००६ पासून ५० सामने, दुसऱ्याला १००, तिसऱ्याला कायमचं घरी. २०१४ पासून ८०, १६२ आणि कायमचं घरी.

आता पुढचं बघा. यातला बहुतेक काळ ज्यांच्या कारभारात गेला ते नंतरचे आयुक्त बड सेलिग २०१७ मध्ये सन्मानाने हॉल ऑफ फेममध्ये. ७६२ होम रनचा बॉन्ड्स दहाव्या, शेवटच्या वर्षी ६६ टक्क्यांवर अडकला, ७५ लागतात. त्याच २०२२ च्या मतपत्रिकेवर डेव्हिड ऑर्टिझ निवडून आला, आणि २००३ च्या त्या गुप्त यादीत त्याचंही नाव असल्याची बातमी वर्तमानपत्राने छापली होती. त्याने इन्कार केला, माणूस हसरा, सगळ्यांचा लाडका. बॉन्ड्स पत्रकारांशी उर्मट वागायचा आणि मतं पत्रकारांची. बॉन्ड्सने घेतलं नाही असं मी म्हणत नाही. त्याच्या पाटीवर ‘चाचणीआधीचा काळ’ असं लिहा आणि लावा. नाहीतर सेलिगची पाटी उतरवा.

माझा भाचा उंच आहे, हात जोरदार आहे. बेसबॉलमध्ये पाठवावा का? होतकरू खेळाडू ओळखतात कसे? — वाघोडिया रोड

ओळखतात, आणि तितक्याच वेळा फसतात. दर वर्षी संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने सगळ्यांत आधी निवडलेला ब्रायन टेलर मारामारीत खांदा मोडून बसला, मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. उलट माइक पियाझाला १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत घेतलं, तेही ओळखीखातर, आणि त्याने ४२७ होम रन मारून हॉल ऑफ फेम गाठलं. निवड झाली की खालच्या लीगच्या पायऱ्या : बसचा रात्रीचा प्रवास, तुटपुंजा पगार. आपला दिनेश २०१० मध्ये परत आला, रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला.

सध्या माझा जीव कॉनर ग्रिफिनवर आहे. २००६ चा जन्म, शाळेतून थेट २०२४ मध्ये पायरेट्सनी नवव्या क्रमांकावर उचलला, २०२५ च्या एका मोसमात तीन पायऱ्या चढला. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षणाची जागा) पळताना त्याचं पहिलं पाऊल बघा, बाकी काही बघू नका.

भाच्याला आधी शाळा पूर्ण करू द्या. भालाही बघा.

ओहतानी की जज? — एक ओळीचं पत्र, नाव नाही

बेसबॉलच्या या दोन बड्या फलंदाजांत ओहतानी. जज भिंतीपलीकडे मारतो, हा स्वतः चेंडूही टाकतो.

पायरेट्स शेवटचे कधी जिंकले? आता कधी जिंकणार? — कारेलीबाग

वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपद, १९७९ ला. त्या साली मी दहावी झालो. पुढचं विचारू नका. आमचा चेंडू टाकणारा पॉल स्कीन्स, त्याने २०२५ मध्ये दर नऊ डावांमागे दोनहून कमी धावा दिल्या, १.९७, चेंडू टाकणाऱ्यांतल्या सर्वोत्तमाचं साय यंग पारितोषिक एकमताने मिळालं, आणि त्याच्या नावावर विजय १०, पराभव १०. तो टाकतो त्या दिवशी आमचे फलंदाज उपास धरतात. घरचा संध्याकाळचा सामना आपल्याकडे बहुतेक वेळा पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी सुरू होतो. मी आवाज बंद करून बघतो, आणि दोन बाद झाले की चहा टाकतो, कारण तिसरा लगेच होतो.